शिट्टीच्या बटणावरचं बोट

प्रति,
मा. कार्यवाह श्री. नंदकिशोर हर्डीकर,
सह्यरंग मराठी मंडळ, जयनगर, बंगळूर.
(आत्ता: मोठं सभागृह, व्यासपीठ, डावीकडून दुसरी खुर्ची)

अर्जदार: मल्हार सबनीस, साधारण सदस्य.
(आत्ता: सभागृहाला लागून असलेली आगगाडीची खोली)

विषय: आगगाडीच्या देखाव्यातलं शिट्टीचं बटण दुरुस्त करायला पेटीचं सील तोडण्याची परवानगी आत्ताच्या आत्ता, म्हणजे विषय क्र. ७ पुकारायच्या आधी, मिळण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे दिनांक ४ आणि ११ चे अर्ज. २) त्यांना मंडळाची उत्तरं. ३) अध्यक्षांच्या भाषणात वाजलेली शिट्टी.

महोदय,

१. सविनय अर्ज असा की, अर्जदार मल्हार गेली चाळीस मिनिटं एका बटणावर उजव्या हाताचं बोट दाबून बसला आहे आणि ते त्याला काढता येत नाही. बोट काढलं की शिट्टी वाजते. म्हणून अर्ज त्याच्या वतीने शेजारी बसून शमिका ओक लिहितेय, सही तो डाव्या हाताने करेल. मघाशी मंडळाचे शिपाई बसवंत अण्णा यांच्या हाती साधी चिठ्ठी पाठवली होती, ती आपण 'चिठ्ठी नको, रीतसर अर्ज द्या' असं लिहून परत पाठवलीत. तर हा रीतसर अर्ज. भाषा थोडी पळतेय, कारण माइकवर विषय क्र. ४ चालू झालेला ऐकू येतोय.

२. हा देखावा वासुदेव इनामदार काकांनी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं खपून केला. त्याच्या पेटीवर चार बटणं: शिट्टी, स्टेशनवरची घोषणा, फाटकाची घंटा, पुलावरचा खडखडाट. आजच्या विषय क्र. ७ मध्ये तो उचलून होसकोटेच्या गोदामात टाकायचा आणि इथे टेबल टेनिस मांडायचं असा ठराव आहे. ठरावात कारण एकच दिलंय, 'अवेळी आवाज होतो'. काका पहिल्या रांगेत बसलेत, खिशात निवेदनाचा कागद आहे. पण सभेत शिट्टी अजून एकदा वाजली तर त्या निवेदनाला कोण विचारतंय? मल्हारचं बोट तिथे आहे ते एवढ्यासाठी.

३. आता हे इथपर्यंत आलं कसं. बटणं बिघडली तेव्हा मल्हारने ४ तारखेला 'ट्रेन लेआउटच्या साउंड बटनांबाबत' असा अर्ज दिला. उत्तर आलं की मंडळ सदस्यांच्या प्लॉटचे प्रश्न हाताळत नाही, शिवाय अर्ज शुद्ध मराठीत करावा. आता बंगळुरात लेआउट म्हटलं की सगळ्यांना प्लॉट आठवणार, यात मल्हारची चूक नाही, तो पुण्याहून येऊन दीडच वर्ष झालंय. मग ११ तारखेला त्याने शब्दकोश उघडून शुद्ध मराठीत लिहिलं, 'चारही कळा बिघडल्या असून एक कळ सारखी लागून राहते'. तो अर्ज आरोग्य समितीकडे गेला. डॉ. श्यामलाताईंचा फोन आला, "कळ नक्की कुठे येते? आणि पोट साफ होतं ना?" त्या फार आपुलकीने बोलल्या, त्यांची तक्रार नाही. त्यांनी ओवा घ्यायला सांगितलं. मल्हारने घेतला.

४. यानंतर मल्हारच्या हातून चूक झाली ती कबूल आहे. गेल्या रविवारी लाइट गेलेले असताना त्याने न विचारता पेटी उघडली आणि शिट्टीचं बटण नवं बसवलं. बटणाला तीन पाय. कुठला पाय कसला ते पेटीतच काकांच्या हातच्या आकृतीत लिहिलेलं होतं, ते वाचूनच त्याने तारा जोडल्या. सोमवारी आपण पेटीवर कागद चिकटवून सही केलीत, आणि सील तुटलं तर ठरावाची वाट न बघता देखावा हलवायला हरकत नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलंत. आठवडाभर गेलेली वीज आज सकाळी आली ती थेट शिट्टी घेऊनच.

५. केलेले उपाय: चिकटपट्टी लावली, ती अर्ध्या मिनिटात सुटली (संदर्भ ३ पहावा). खोडरबर कोंबला, तो आत गेला, अजून आतच आहे. वायर पेटीत जाते, पेटीला सील. मेन स्विच पाडला तर तुमचा माइक बंद पडेल आणि तेही आमच्याच नावावर लागेल. मध्ये मिनिटभर शमिकाने दाबून पाहिलं, पण मग अर्ज थांबतो. बसवंत अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "सरी, बरं, मी दाबतो, पण मग अर्ज कोण नेणार?" म्हणजे कुणीतरी एकजण कायम या बटणाला बांधलेला, आणि उरलेले अर्जाला. बाहेर पडायला वाटच नाही.

६. हे लिहीत असताना काका स्वतः आत आले. हात धुवायला म्हणून उठले होते. त्यांनी मल्हारच्या बोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या पायाला जोडलंस?"

"तुम्ही लिहिलंय तसं. 'नेहमी बंद'ला. शिट्टी नेहमी बंदच हवी ना, काका?"

"अरे राजा, सर्किट बंद. सर्किट बंद म्हणजे शिट्टी चालू."

काका म्हणाले, "मी आधी एन.सी., नॉर्मली क्लोज्ड, असंच लिहिलं होतं. कार्यवाहांनी लाल शाईने परत पाठवलं, मराठीत लिहा म्हणाले. मग लिहिलं." त्याच्या शेजारचं स्टूल ओढून ते बसले. "स्वल्प सरक," म्हणाले, आणि मल्हारच्या बोटाखाली अलगद आपलं बोट सरकवलं. शिट्टी वाजली नाही. मल्हारला आता स्वतःचं बोट वाकवता येत नाहीये.

७. आम्ही दोघांनी सांगून पाहिलं, काका, आम्ही दाबतो, तुम्ही आत जा, सातला तुम्हाला बोलायचंय. ते म्हणाले, "तुम्ही अर्ज लिहा. अर्ज नसला तर तिकडे काही ऐकू येत नाही." निवेदन खिशातून काढलंच नाही त्यांनी. म्हणाले, "त्यात सगळं बरोबर लिहिलंय. लाल शाई पण बसली नसती." मल्हार आता रडवेला होऊन तिसऱ्यांदा म्हणतोय की काका, बोट काढू नका, चाळीस मिनिटं धरलंय मी. काका त्याच्या हाताचं बोट दुसऱ्या हाताने चोळून देतायत.

८. तरी विनंती की: (अ) विषय क्र. ७ आधी परवानगी द्यावी. स्क्रू चार, तार एक, काम तीन मिनिटांचं, स्क्रू-ड्रायव्हर मल्हारच्या पिशवीत आहे. (आ) ते जमत नसेल तर, विषय क्र. ७ पुकारल्यावर श्री. वासुदेव इनामदार यांना आपण माइकवर बोलवाल तेव्हा ते येणार नाहीत. ते बोट काढतील. जो आवाज होईल तो अवेळी झालेला आवाज धरू नये. ते पुकारल्यावर सभासदाने वेळेत केलेलं निवेदन आहे. ते संपेपर्यंत कुणी मध्ये बोलू नये आणि इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे ते जसंच्या तसं लिहून घ्यावं. मराठीत कसं लिहायचं ते आपण ठरवावं.

विषय क्र. ६ मंजूर झाल्याच्या टाळ्या ऐकू येतायत. अण्णा दारात उभे आहेत. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवलाय.

आपला, जागचा न हललेला,
मल्हार सबनीस
(सही डाव्या हाताची आहे, खरी आहे)

जयनगर, रविवार, वार्षिक सभा चालू असताना