ह्यांच्या आवाजाचा कॉम्प्युटर

४ ऑक्टोबर, शनिवार

लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात आम्ही दोघांनी भालकीच्या स्टँडवर उदगीरच्या गाडीची वाट बघत एक पेरू वाटून खाल्ला होता. मोठा वाटा ह्यांनी मला दिला आणि दातात बी अडकली म्हणून गाडी येईपर्यंत कुरकुरत राहिले. एवढंच. पण जाण्याआधीच्या वर्षात ह्यांनी माईकसमोर बसून अशा एकतीस आठवणी बोलून ठेवल्या, त्यात पेरूची तिसरी. दसऱ्याच्या गडबडीत दोन-तीन दिवस ऐकणं झालं नव्हतं, आज दुपारी तीच ऐकावी म्हणून कॉम्प्युटर लावला.

पंखा घुरघुरला, हिरवा दिवा लागला — पडदा काळाच! तीनदा बंद-चालू केला. काळाच.

ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच ठेवलेला नाही.

५ ऑक्टोबर

सुनेला विचारलं. शैलश्री कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, 'असू द्या की अत्ती, चार दिवस कानाला इसावा.'

कुणाच्या कानाला? मी रोज दुपारी ऐकत बसते आणि मग जेवत नाही, अशी तक्रार तिनं हैदराबादेला महेशकुमारला फोनवर केलेली मी ऐकलीय. माझा मुलगा पंधरा दिवसांनी घरी येतो, त्याला तीच सांगेल ते खरं.

६ ऑक्टोबर

कॉम्प्युटरच्या मागची धूळ पुसलेली आहे. मी पुसलेली नाही.

७ ऑक्टोबर

कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप घातलं. शैलश्रीनं दिवसभर किल्लीकडे पाहिलं नाही — मुद्दाम पाहिलं नाही. सकाळी पूजेत माझ्या तळहातावर इष्टलिंग, आणि कान दाराच्या कडीकडे. मी शिकले त्या बीदरच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी मला असं बघितलं असतं तर गुडघ्यावर बसवलं असतं.

कमठाण्याला नणंदेला फोन केला. अनसाबाई फटकळच. म्हणाली, 'सुनंवर कामून संशय घ्यायलीस, वैनी? दुरुस्तीवाल्याला बोलाव की.'

८ ऑक्टोबर, बुधवार

दुरुस्तीवाला वीरेश आला. पंचवीस वर्षं भालकीत हेच काम करतोय. मी शैलश्रीला मुद्दाम खोलीत उभं केलं. त्यानं मागं टॉर्च मारला, पडद्याची वायर काढली, चार बोटं खाली दुसऱ्या खोबणीत लावली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

पडदा लागला! एकतीसच्या एकतीस जागेवर.

वीरेश सांगू लागला, साहेबांनी आत वेगळं कार्ड बसवून घेतलंय, चित्र तिथून येतं. वायर वरच्या खोबणीत गेली की काळंच दिसणार. कुणीतरी काढून परत लावताना चुकलंय. मग त्यानं बोट पुढं केलं. 'आन् मागं ही इभूत कुणी लावली?'

मी सुनेकडे वळले. परक्या माणसासमोर म्हणाले, 'ह्यांचा आवाज बंद करायचा होता तुला.'

तिनं वीरेशला चहा दिला. तो गेल्यावर मोबाईल माझ्यापुढे धरला. गेल्या बुधवारच्या, खंडेनवमीच्या आयुधपूजेचा फोटो. पाटावर कॉम्प्युटर, त्यावर इभूतीच्या तीन रेघा, शेवंतीचा हार. मागं वाकून वायर लावणारी बाई, जांभळं इरकल नेसलेली. मी!

'सगळ्या वायरी तुम्हीच काढल्या, अत्ती. पुसलं बी तुम्हीच. मी लावते म्हणलं तर हात लावू दिला न्हाई.'

'मग शनिवारीच का नाही सांगितलंस?'

तिनं पदराचा काठ चिमटीत धरला.

'तुम्हाला आठवंना, हे तुम्हाला कसं सांगू?'

९ ऑक्टोबर

पेटी उघडली. इरकलाच्या पदराला इभूतीची बोटं आहेत. बोटं माझीच.

पूजा आठवत नाही. अजूनही नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सोमवारी बीदरला डॉक्टरांकडे. शैलश्री नेणार. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

ह्यांच्या आवाजाची एक प्रत अनसाबाईला, एक महेशकुमारला. कॉम्प्युटर शैलश्रीचा. जांभळं इरकलही तिचंच, न धुता द्यावं. ही वहीसुद्धा तिला. पाच ते आठ तारखेची पानं फाडू नयेत. मी पुन्हा तिच्याशी तशी वागले, तर तिनं ती मला मोठ्यानं वाचून दाखवावीत.