फादरांशी हस्तांदोलन

ती. मावशीस,

भिंगरीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, काकांचा खोकला आणि शेजारच्या बाईंशी धरलेला अबोला, तिन्ही कसे आहेत? (अबोला सुटला असेल तर कुणी आधी तोंड उघडलं तेवढं कळव.) मी मजेत. मजेत म्हणजे नोकरी अजून आहे. हे सत्र टिकलो तर कायम करतील आणि वसतिगृहात स्वतःची खोली देतील, खिडकीसकट. मावशी, आजवर माझं घर पाठीवरच्या पिशवीत मावलंय. ही खोली मला हवीच आहे.

शाळा कॅथलिक, वरच्या वर्गांची. यंदा पहिल्यांदाच परदेशी विद्यार्थी आलेत. त्यांना विमानतळावरून आणणं, बॅगा जिन्याने वर चढवणं (एक बॅग हलेचना, उघडली तर आत खरोखरचे दगड. पोराला खडक जमवायचा नाद, मग आम्ही दोघं जिन्यातच दगड बघत बसलो), गरम पाण्याचा नळ कुठे फिरवायचा ते दाखवणं, हे माझं काम. कुठे होतो मी? हां, नोकरीची मुलाखत. मुख्याध्यापिका सिस्टरांनी विचारलं, "चर्चमध्ये बसायची सवय आहे ना?" मी म्हटलं, आहे. होतीच. चर्चच्या आवारातल्या सावलीत बाकावर मी कितीतरी दुपारी झोपलोय.

पहिल्या रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेला, सिस्टरांनी पाहुण्या मुलांना सांगून ठेवलं, "कधी उठायचं, कधी बसायचं कळलं नाही, तर याच्याकडे बघा." आणि मला बसवलं कुठे, तर सगळ्यात पुढे! मागे असतो तर लोकांचं बघून निभावलं असतं. आता मी कानानेच काम चालवलं. मागे बाकं करकरली की उठायचं, पुन्हा करकरली की बसायचं. मधेच पायाला मुंग्या आल्या म्हणून पाय आपटला, तर अख्ख्या रांगेने पाय आपटले. बिचारी फार आज्ञाधारक मुलं.

मग सगळे रांगेने वेदीकडे निघाले. तिथे प्रसाद घेतात, आणि ज्याला घ्यायचा नसतो त्याने छातीवर हात दुमडायचे, की फादर आशीर्वाद देतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच दिसलं, की म्हातारे फादर समोर उभे आहेत आणि माझ्याकडे बघतायत. माणूस बघतो तर मी काय करणार? हात पुढे केला, हलवला, म्हटलं, "कसे आहात?" माझ्यामागून प्रत्येक पाहुण्याने हात हलवून, ज्याला जसं जमलं तसं, तेच विचारलं. त्यांच्यामागची आपली कार्टीही, नवा नियम आला समजून, हात पुढे करायला लागली. फादरांचा खांदा बहुतेक भरून आला असावा, पण नंतर म्हणाले, "या रांगेत मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं रे!"

सिस्टर मात्र हसल्या नाहीत. सुट्टीत या मुलांना एकेका कुटुंबाने घरी न्यायचं ठरलंय आणि ती सगळी कुटुंबं मागे बसली होती. पाहुण्यांतल्या दोघी सख्ख्या बहिणींना नेणाऱ्या बाई तिथेच म्हणाल्या, "असली थिल्लर मुलं आमच्या घरी नकोत." सिस्टरांनी मला कचेरीत बोलावलं. "त्या मुलींना घर शोध. नाहीतर स्वतःसाठी शोध." एवढंच बोलल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

बाकी सगळं क्षेम. काकांना नमस्कार.

तुझा,
भिंगरी

ता. क. : घर मिळालं. मागे अंगण असलेलं, शांत, बाई प्रेमळ, काका बोलघेवडे. ऐकून सिस्टर फार खूश झाल्या. मुली काहीही खातात.

ता. क. २ : पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून पत्र मुलींच्याच हाती दिलंय. तू वाचतेस तेव्हा त्या पायपुसण्यावर उभ्या असतील. आधी आत घे, मग मला शिव्या दे.

ता. क. ३ : शिव्या मनातच दे. मी फाटकाबाहेर मिनीबसमध्ये आहे आणि शेजारी सिस्टर बसल्यात. जरा हसून हात कर.