चौऱ्याऐंशीची पेटी

३ तारीख
जावयाला पेटी हवी आहे. टेबलावर ठेवायची, पुढून उघडी. आत त्याच्या विजेवर वाजणाऱ्या वाद्याच्या पट्ट्या बसणार— प्रत्येकीवर बटणं, भोकं आणि वायरींचं जंजाळ. एकटी पट्टी मुकी. वायरींनी जोडल्या की सगळ्या मिळून घुमतात. सूर म्हणावा की कुरकुर, मला कळत नाही.

"पेटी झाली की निघतो, बाबा," म्हणाला. दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे. लेक देवाघरी जाऊन तीन वर्षं झाली, तरी हा इथंच राहिला. आता कोणत्या तोंडानं अडवू? पण मग या घरात मी आणि भिंती.

४ तारीख
उंचीसाठी नमुना म्हणून एक पट्टी दिली. रुंदी कागदावर लिहिली— ८४. चौऱ्याऐंशी कसले, तेही समजावलं. मी मान डोलावली. चौथीपर्यंत शिकलेल्यानं किती वेळा विचारायचं?

५ तारीख
इंच नसणार. चौऱ्याऐंशी इंचांत मीच पाय पसरून झोपेन! आम्हा सुतारांचं माप सूत. आठ सुतांचा इंच, म्हणजे साडेदहा इंच. बरोबर वाटतंय.

की नाही?

७ तारीख
फळी कापली. कापलेली फळी वाढत नाही.

९ तारीख
गुळगुळीत झालेल्या बाजूवर पुन्हा रंधा मारला. काम संपवतोय की लांबवतोय, माझं मलाच उमजेना. शेजारचा शिंपी डोकावून म्हणाला, पेटी करताय की पेटीला झिजवताय?

१२ तारीख
पेटी झाली. जावई पट्ट्या बसवायला लागला आणि जागाच संपली. बऱ्याच पट्ट्या टेबलावर तशाच पडून. त्यांच्या मापात इंचाचे पाच भाग धरतात म्हणे! जवळपास सतरा इंच हवी होती. उभा जन्म मोजण्यात गेला आणि हे असं. माझी नजर गेली की डोकं?

जेवताना म्हणालो, दोन दिवसांत दुसरी करून देतो, तुमचं जाणं खोळंबणार नाही. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

१३ तारीख
सकाळी चहा घेताना जावई म्हणाला, "फळी कापलीत तेव्हा मी दारात उभा होतो, बाबा. खूण आखूड पडलीय, दिसलं होतं मला."

मग बोलला का नाहीत, विचारलं.

उठून कप विसळायला गेला. एकच कप. अजून विसळतोय.