जहाजाचा कठडा

१२ ऑगस्ट १९९३, गुरुवार

आज वर्गात एका मुलाने तोंड उघडलं आणि मी ते बंद केलं.

लॉ कॉलेजची सकाळची बॅच. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पेपर, पान बेचाळीस. देवरे सरांच्या नोट्स — त्यांनी मला शिकवताना सांगितल्या, मी उतरवून घेतल्या, आता मी सांगते, मुलं उतरवून घेतात. "एफओबी म्हणजे माल जहाजाच्या कठड्यावरून पलीकडे जाईपर्यंत नुकसानीची जोखीम विकणाऱ्याची, पलीकडे गेला की घेणाऱ्याची. पूर्णविराम. पुढचा परिच्छेद."

मागच्या बाकावरून योगेश गावित उठला. सुरगाण्याकडचा, घराण्यातला पहिलाच शिकणारा. वर्षभरात पहिल्यांदा बोलला असेल. "मॅडम, माल कंटेनरमध्ये सील करून चार दिवस आधीच बंदरात देऊन टाकला, तर? तो कठड्यापाशी आपल्या हातात नसतोच ना."

मी म्हटलं, "ते परीक्षेला येत नाही. बसा. लिहा — मुद्दा दुसरा."

सगळा वर्ग हसला. तो बसला.

मला उत्तर येत होतं का? नव्हतं येत! लिहून ठेवते, म्हणजे लाज वाटेल. माझे अण्णा जन्मभर नांदगाव स्टेशनच्या मालधक्क्यावर वॅगनींना सील ठोकत होते, आणि मी अजून एक कंटेनर आतून पाहिलेला नाही. जहाज तर सिनेमातच. सरांना पत्र लिहून विचारायला हवं.

१३ ऑगस्ट

श्रावणी शुक्रवार. पुरण, सवाष्ण जेवायला, कॉलेजातून धावत येणं. सरांचं पत्र राहिलं.

९ मार्च १९९९, मंगळवार

नीट लिहिते.

दुपारी सायखेड्याहून दोघं आले. एक कोंडाजी — तिथल्या द्राक्ष बागायतदारांच्या संघाचे अध्यक्ष, पांढरा सदरा, मिशा, माणूस लखपती पण चपला दाराबाहेर अगदी जोडीने लावणारा. आणि मागे योगेश गावित! सहा वर्षांनी. आता संघाचं करारमदाराचं काम तोच बघतो. बसा म्हटलं तरी बसला नाही. दाराशीच उभा.

कोंडाजींनी फोटो टेबलावर ठेवले, माझ्या प्रबंधाच्या टाइप केलेल्या गठ्ठ्यावरच. द्राक्षांचे देठ काळे पडलेले, मणी पाणी सुटून बसलेले. त्यांचा विजेवर थंड राहणारा कंटेनर बंदरात पोचला, पण जहाजावर चढेपर्यंत तीन दिवस यार्डात उभा होता, आणि कोणी त्याला वीज लावलीच नाही. तिकडे युरोपात उघडला तेव्हा हे असं.

"घेणारा म्हणतो, कठड्याच्या अलीकडं खराब झालं, तुमचं तुम्ही बघा. आता बाई, तुम्ही प्रोफेसर. लय लांबड नाय लावायची. करार वाचा आन एका शब्दात सांगा, चूक कोनाची?"

वाचला. योगेशचं स्वच्छ अक्षर, खाली टाइप. एफओबी. माझंच वाक्य. जहाजाच्या कठड्यासकट, स्वल्पविरामासकट माझंच.

"ह्याला हे शिकवलं तरी कोनी?" कोंडाजी म्हणाले. "येत्या एकवीस तारखेला सभा हाय. लोक म्हनत्यात, काढा ह्याला."

योगेश जमिनीकडे बघत राहिला. माझं नाव घेतलं नाही. त्याने एक शब्द जरी काढला असता तर!

आणि मी? मी चहा ठेवायला उठले. शी!

१० मार्च

आज ग्रंथालयात गेले. आंतरराष्ट्रीय व्यापार अटींचं नव्वद सालचं पुस्तक मागितलं. कपाटात होतं. मागणीच्या चिठ्ठीवर माझीच सही! मीच मागवलेलं, आणि नऊ वर्षांत कोणी उघडलेलं नाही. पानं एकमेकांना चिकटलेली, पट्टीने सोडवली.

अगदी साध्या शब्दांत लिहिलंय. कंटेनर आधीच देऊन टाकत असाल तर एफओबी वापरू नका, दुसरी अट वापरा — तीत वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की तुमची जोखीम संपली. बस. एवढंच. दोन ओळी.

घरी येऊन प्रबंधाचं तिसरं प्रकरण काढलं. 'कठड्याचा नियम व भारतीय निर्यातदार.' ऐंशी पानं. सगळी त्याच चुकीवर उभी. पंधरा जूनला जमा करायचाय. रीडरची जागा, म्हणजे बढती, त्यावर आहे. पंधरा वर्षं वाट बघितली त्या जागेची!

सुनीलला सांगितलं. तो आधी म्हणाला, "देऊन टाक गं. प्रबंध कोण वाचतंय?" मग हात धुताना थांबला. "आमच्याकडे ओझरला कारखान्यात विमानाचा एक रिव्हेट चुकला ना, तर लपवणाऱ्याला काढतात. सांगणाऱ्याला नाही." एवढं बोलून पेपर घेऊन बसला. नवरा कधी कधी फार सोयीच्या वेळी शहाणा होतो.

१४ मार्च, रविवार

पुण्याला जाऊन आले. सहाची एस.टी.

देवरे सर माझे मार्गदर्शक. निवृत्त झाले तरी विद्यापीठाने माझ्यापुरते ठेवलेत. प्रबंधावर त्यांची सही लागते. दार उघडलं तर काय आनंद! "ये गं ज्योत्स्ना, भाकरी खाऊन आलीस की नाही?" स्वतः कळण्याची भाकरी वाढली. सटाण्याहून पीठ येतं म्हणे अजून.

जेवण झाल्यावर सांगितलं. तिसरं प्रकरण बदलते सर. पान बेचाळीस चुकीचं आहे.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं चाललीय ती वही. शेकडो वकील झाले त्यावर." मी म्हटलं, म्हणूनच तर. तर एकदम त्यांचा आवाज चढला, तोंडून घरची अहिराणी आली — "मन्ही वही शे ती! मन्ही!" कधी ऐकलं नव्हतं त्यांना असं.

मग शांत झाले. आणि तेच वाईट. "तुम्ही बदला. तुम्ही आता मोठ्या झालात. मग माझी सही मात्र मागू नका."

तुम्ही! वीस वर्षांत पहिल्यांदा मला तुम्ही म्हणाले.

एस.टी.त नारायणगावपर्यंत रडले. शेजारच्या बाईने न विचारता पेरू कापून दिला, मीठ लावून. खाल्ला.

१६ मार्च

अजून ठरत नाही. सभेला नाही गेले तर? कोण विचारणार आहे? योगेश तर बोलणारच नाही. ह्याच मुलाच्या गप्प बसण्यावर मी मोठी होऊ की काय!

२१ मार्च, रविवार

गेले.

सायखेड्याला नदीकाठच्या पॅकहाऊसमध्ये सभा. रिकाम्या पेट्यांच्या थप्प्या, तीसेक माणसं सतरंजीवर. कोपऱ्यात एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. योगेशची आई, कुसाबाई. दोन एस.टी. बदलून आलेली. कोणी माझी ओळख करून दिली तसा तिने माझा हात धरला. "बाई, माजा पोर लबाड नाय. तुमी शिकवलाय ना त्याला? तुमी सांगा."

माझ्या पर्समध्ये त्र्याण्णवची रोजनिशी होती. का घेतली होती, सकाळी माहीत नव्हतं. खोटं. माहीत होतं.

उभी राहिले. भाषण येत नाही मला नोट्सशिवाय. म्हणून वाचूनच दाखवलं. बारा ऑगस्टचं पान. ही वही कोणापुढे उघडायची नसते, ती तीस माणसांपुढे उघडली. 'ते परीक्षेला येत नाही. बसा.' 'मला उत्तर येत होतं का? नव्हतं येत!' इथे मागून कोणीतरी "हात् तिच्या!" म्हणालं. म्हणू दे.

मग म्हटलं, "करारातलं वाक्य माझं आहे. ह्याने तेव्हाच विचारलं होतं, मी बसवलं. काढायचं तर मला काढा, पण मी तुमच्या नोकरीत नाही, ही अडचण आहे."

कोणी हसलं नाही. योगेशने पहिल्यांदा मान वर केली. त्याचे डोळे भरलेले. एवढंच म्हणाला, "मॅडम, मला वाटायचं मीच मूर्खासारखं विचारलं."

हे ऐकण्यापेक्षा थोबाडीत खाल्ली असती तर बरं!

कोंडाजी मिशीवर बोट फिरवत बसले होते. मग म्हणाले, "म्हंजे मास्तरीण नापास आन पोरगं पास." आता हसले सगळे. "योगेश ऱ्हाईल. ठरलं. आता बाई, तुमची शिक्षा. दर रविवारी इथं यायचं आन आमाला शिकवायचं. वही आनायची नाय. आधी कंटेनर बघायचा, मग तोंड उघडायचं."

आणि लगेच नेलंच मला! बाहेर एक भरायला लागला होता. त्या थंड डब्यात चढले, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर साडी खोचून. दात वाजायला लागले. योगेशने दाखवलं — हे तापमानाचं यंत्र, ही वीज, हे सील. सील बघून अण्णा आठवले. कुसाबाई खालून ओरडल्या, "बाई, उतरा, गारठाल!"

बेचाळीसाव्या वर्षी पहिला कंटेनर. पानही बेचाळीसच.

१५ जून १९९९

आज मुदत होती. प्रबंध दिला नाही. तिसरं प्रकरण फाडून नव्याने लिहितेय. सरांना तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही.

२ ऑगस्ट

रीडरची जागा दुसऱ्याला गेली. वाईट वाटलं. खूप वाटलं. उगाच थोरपणा दाखवत नाही इथे. ग्रंथालयाच्या मागे उभं राहून पाच मिनिटं त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, मग स्टाफरूममध्ये जाऊन त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

नव्या वर्गाला डिक्टेशन देत नाही. मुलांनी तक्रार केली, "मॅडम, मग लिहायचं काय?" म्हटलं, विचारा काहीतरी. पंधरा मिनिटं कोणी बोलेना. मीही बसून राहिले, हट्टाने.

११ जानेवारी २००२

पीएच.डी. झाले! दुसरे मार्गदर्शक, तिसरं प्रकरण नवं. त्यात पहिली तळटीप 'प्रश्न प्रथम उपस्थित केला: श्री. योगेश गावित.' परीक्षकांनी विचारलं हे कोण. सांगितलं, माझे विद्यार्थी. सायखेड्याहून द्राक्षांची पेटी आली, वर कोंडाजींची चिठ्ठी: "निर्यातीची हायेत. नापासाला फुकट."

देवरे सरांना पेढे पाठवले. पोच नाही. माणूस एवढा कसा रुसतो? माझी चूक असती तर मी कबूल केली असती. केलीच की.

२४ फेब्रुवारी २००४, मंगळवार

सर गेल्याला आज महिना. त्यांच्या मुलीने, तेजस्विनीने, पार्सल पाठवलं: "बाबांनी हे तुमच्यासाठी बाजूला ठेवलं होतं." मूळ वही. एकाहत्तरची.

पान बेचाळीस उघडलं. समासात पेन्सिलीने सरांचं बारीक अक्षर:

'सप्टें. ७९. आज वर्गात नांदगावच्या ज्योत्स्नाने विचारलं — डबा सील करून आधीच बंदरात देऊन टाकला, तर? उत्तर येत नव्हतं. परीक्षेला येत नाही म्हणून बसवली. शोधून तिला सांगणे.'

मला काहीच आठवत नाही.