परातीतल्या शेंगा आणि उद्याचा तास

आई, तू ज्या रेडिओ केंद्रावर खेड्यातल्या बायांचा कार्यक्रम करायचीस, तिथली स्थानिक प्रसारणे बंद होऊन बरीच वर्षे लोटली. तुझ्या वेळेला आता दुसऱ्याच शहराचा आवाज लागतो. उद्या सकाळी मात्र तो तास परत मिळतो आहे. केंद्राने लहरी द्यायच्या आणि आमच्या विद्यापीठाने स्टुडिओ व विद्यार्थी, असा करार झाला असून त्या महत्कार्याचे समन्वयकपद तुझ्या चिरंजीवांकडे आले आहे. पात्रता एकच पुरली: निवडीच्या सभेस मी अनुपस्थित होतो. उद्याचे प्रसारण थेट आहे आणि केंद्राचे वरिष्ठ ते ऐकणार आहेत. ते फसले तर हा तास पुन्हा जाईल, आणि या खेपेस तो मागायलाही कोणी उरणार नाही. 

आज दुपारी तालीम झाली. पाहुण्या म्हणून नरखेडकडच्या एक मोसंबीवाल्या बाई आल्या आहेत. विहिरीवरची मोटर चोरायला आलेल्या माणसाला सासूने गप्पांत कसे गुंतवून ठेवले, हे त्यांनी कँटीनमध्ये असे काही सांगितले की ऐकता ऐकता मुलांचा चहा निवला. मग मी त्यांना ध्वनिरोधक कक्षात नेले आणि ‘फलगळतीचे शास्त्रशुद्ध व्यवस्थापन’ ही स्वरचित संहिता त्यांच्या करकमली ठेवली. बाईंनी ती कोर्टात जबानी द्यावी तशी वाचली.

“काहून वं मावशी, आत्ता तर मस्त बोलून राहिली होती!” माझी विद्यार्थिनी म्हणाली.

“इथं कशाचाच आवाज येत नाही ना वं. मले दवाखान्यात बसल्यावानी वाटते. अन् सरांनी लिहिलं ते मोसंबीचंच आहे ना?”

तेव्हा तू आठवलीस. हिवाळा आहे, मी कॉलेजात आहे, तुला स्कूटरवरून न्यायला आलो आहे. काचेपलीकडे मौद्याच्या एक बाई माइकसमोर घामाघूम बसल्या आहेत. तू पिशवीतून तुरीच्या ओल्या शेंगा काढतेस, मध्ये परात ठेवतेस, आणि दोघी सोलायला लागता. दाणे परातीत पडू लागतात तशा बाई बोलू लागतात. ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ कासावीस होऊन आत येतात.

“बाई, खडखड येऊन राहिली!”

“येऊ दे ना गा. तिच्या घरी काय दाणे मुके पडतात?”

वाटेत मी या पद्धतीच्या अशास्त्रीयतेवर भाष्य केले. तू मागच्या सीटवरून म्हणालीस, “हात रिकामे असले का माणूस भेते, बापू. तुले बोलता लय येते, पण समोर कोण बसलं ते तू पाहातच नाही.” पुढे मी संवादशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, तुझ्या आक्षेपाचे निराकरण तेवढे त्या प्रबंधात राहून गेले.

तालीम संपल्यावर थेट बाजारात गेलो आणि किलोभर शेंगा आणल्या. परात घासून ठेवली आहे. संहिता कपाटात आहे. फाडण्याइतके धैर्य अद्याप प्राप्त झालेले नाही. वरिष्ठांना ती खडखड म्हणजे यंत्रातला बिघाड वाटली तर? परात पाहूनही बाई गप्पच राहिल्या तर? तुझ्याजवळ परातीव्यतिरिक्त आणखीही काही होते, आणि ते बाजारात मिळत नाही, ही शंका मला सोडत नाही.

हे पत्र कुठे धाडावे, याचे ज्ञान आमच्या विद्यापीठातही कोणाला नाही, तेव्हा ते इथेच राहील. फक्त एक कळवतो. उद्यासाठी आणलेल्या शेंगा, हे लिहिता लिहिता, मी सगळ्या सोलून टाकल्या आहेत. पहाटे पुन्हा बाजार गाठावा लागेल.