पायांवरची आंघोळ

भातकुली,
१८ नोव्हेंबर २०२४

सौ. मैनाबाई विहीणबाई यांना पार्बताबाईचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. अकोटला तुम्ही, व्याही आणि जावईबापू नितेशराव खुशाल असाल. यंदा मळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर छान आली आहे. गीतांजलीचे बाबा उद्या तिकडे येत आहेत, त्यांच्याबरोबर पिशवी भरून पाठवते. ही चिठ्ठी त्यांच्याच हाती देते. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि पोरगी शेजारीच बसलेली असते.

तुम्ही रागावल्या आहात, ते कळतं मला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तर मी पोरीला न्यायला यायचं सोडून मोरीचं काम काढल्याची सबब सांगते. मोरीला काही झालेलं नाही. ती ठणठणीत आहे. बिघडली आहे ती मी.

उन्हाळ्यात पायांवर सूज आली, पोट फुगलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी यकृत आकसल्याचं सांगितलं. सिरॉसिस म्हणतात. हा आजार दारू पिणाऱ्यांनाच होतो असं मीही समजत होते. गल्लीतल्या बायकांनी तर माझ्या तोंडाचा वास घ्यायचंच बाकी ठेवलं. मला तो साखरेनं आणि यकृतावरच्या चरबीनं दिला. गीतांजलीला फक्त साखर वाढल्याचं सांगितलं आहे.

मग मी माझ्या अकलेनं पथ्य सुरू केलं. कावीळ झाली की आपल्याकडे करतात तेच. वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, तेल-तूप बंद आणि दिवसभर बाजेवर पडून राहायचं. त्यात पोरगी सुखरूप मोकळी व्हावी म्हणून चतुर्थी आणि सोमवार धरले. पोट तेवढंच राहिलं, हातापायांच्या मात्र काड्या झाल्या. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या.

पोळ्यानंतर एकदा वाफ्यात कोथिंबीर उपटायला बसले आणि उठताच येईना. शेजारच्या पौर्णिमेनं काखेत हात घालून उभी केली. तिथंच मला बाळाची आंघोळ आठवली. पाटावर पाय लांब करून बसायचं, पायांवर तेलानं निसटतं लेकरू, आणि मला उठवतच नाही. धरून उठले आणि पडले तर? एवढंच कारण आहे, विहीणबाई. घाबरले मी. पोरीला “यंदा नको येऊ” म्हटलं, फोन ठेवला आणि पोटभर रडले.

दवाखान्यात आहार सांगणारी प्रतीक्षा म्हणून पोरगी आहे. तिनं माझे दंड दाबून पाहिले आणि काय खाता ते विचारलं. मी सांगितल्यावर कपाळालाच हात लावला. म्हणे, “काकू, रातभर पोट रिकामं राह्यलं का शरीर हातापायाचंच मांस खाते. आन तुमी वरून उपास करून राह्यल्या? देवाले तुमच्या पोटऱ्या काहून पाहिजेत?”

ज्या पोरीसाठी उपास धरले, तिच्या लेकरासाठीच पायात बळ उरलं नव्हतं.

आता उपास बंद. घट्ट वरण, दही, पनीर, थोडं थोडं पण दिवसातून बऱ्याचदा. मीठ तेवढं कमी. निजायच्या आधी दूध-पोळी खाल्ल्याशिवाय गीतांजलीचे बाबा दिवा मालवू देत नाहीत. “खाय वं, सध्या बाळंतीन तूच हायेस,” म्हणतात. डॉक्टरांना विचारून व्यायामही सुरू केला. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, ओट्याला धरून टाचा उचलायच्या, पाण्याच्या बाटल्या वर-खाली करायच्या. मळ्यापर्यंत चालत जाते. यकृत काही नवं होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. पण पायांत जीव येतो आहे. खुर्चीवरून उठते. जमिनीवरून उठायला अजून भिंत लागते.

म्हणून हात जोडून सांगते, बाळंतपण तुम्हीच करा. पोरीला हे कसं सांगायचं तेही तुम्हीच बघा, माझ्या तोंडून निघत नाही. आईला मी नकोशी झाले असं तिनं मनात धरलं आहे. तेवढं तिच्या मनातून काढा.

तुमची,
पार्बताबाई


अकोट,
२१ नोव्हेंबर २०२४

पार्बताबाईंना मैनाबाईचा नमस्कार.

भाजी पोचली. राग होता, तो चिठ्ठी वाचून उतरला. गीतांजलीला जवळ बसवलं आणि चिठ्ठीच वाचून दाखवली. रडली, मग तुमच्यावरच चिडली. “मोरीचं नाव सांगाले मायले काहीच नाही वाटलं?” आणि लगेच मला विचारते, “पन आता बराबर जेवते ना माय?”

लेकीच्या सासरी मुक्काम करत नाहीत, हे मलाही माहीत आहे. ते राहू द्या बाजूला. जानेवारीत बाळंतपणाला व्याह्यांना घेऊन इकडेच या. औषधं आणि डॉक्टरांचे कागद बरोबर आणा. तुमच्या उठण्या-बसण्यासाठी पक्की खुर्ची काढून ठेवली आहे. घट्ट वरण बाळंतिणीलाही लागतंच, त्यात तुमची वाटी काही जड होणार नाही. निजायच्या आधीची दूध-पोळी माझ्याकडे लागली.

आंघोळ मात्र तुम्हीच घालायची. पाटावर मी बसवीन, लेकरू तुमच्या पायांवर मी देईन. आंघोळ झाली की आधी लेकराला उचलीन, मग तुम्हाला.

दोघांना उचलण्याइतकी धडधाकट,
मैनाबाई