घोट्याचं माप

दि. २ फेब्रुवारी

ती. मावशीस,
बारकीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला इथे ओरडता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. नर्सिंगच्या लायसन्सचा फॉर्म भरला. परीक्षा वीस एप्रिलला. ही तिसरी खेप आणि शेवटची. या वेळी आपटले तर लायसन्स विसरायचं आणि जन्मभर या वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून चादरी बदलायच्या. चादरींना माझी ना नाही गं. पण परवा सात नंबरच्या आजोबांना ताप भरला, ते मला अंगाला हात लावताच कळलं, तरी औषधांच्या कपाटाची किल्ली घेऊन सिस्टर येईपर्यंत मी नुसती उभी! चार वर्षं शिकून नुसती उभी! अशी चीड आली म्हणून सांगू.

दोन्ही वेळा माझे मार्क एकाच जागी गेले, 'सर्वांत आधी काय कराल' या प्रश्नांत. चार पर्यायांत 'नातेवाइकांना कळवणे' दिसलं की माझा हात तिकडेच जातो. आई गेली तेव्हा मला शाळेतून आणायचं कुणाला सुचलं नाही, घरी आले तर सगळं आटोपलेलं. ते डोक्यातून जात नाही. पेपर तपासणाऱ्याला त्याचं काय! तू पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलास, किती पोरी घडवल्यास. मलाही पत्रातून केस घाल, उत्तर तपास, चुकले तर कान उपट.

मामांच्या शिलाई मशीनचा पट्टा बदलला का? त्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो तुझ्या लाल पेन्सिलीसकट तसाच असू दे.

तुझी,
बारकी


दि. ९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

रडगाणं वाचलं. आता कामाला लाग. नियम एकच: प्रश्नात जे नाही ते उत्तरात आणायचं नाही. पेशंटच्या घरी कोण आहे, बिचारीकडे बघतं कोण, या चौकशा तुझ्याकडे कुणी मागितलेल्या नाहीत. हळवेपणा वॉर्डाबाहेर चपलांजवळ काढून ठेवायचा, असं मी माझ्या पोरींना सांगायची. तू काही निराळी लागून गेली नाहीस.

केस पहिली. बाई, वय अडुसष्ट. संध्याकाळी पाय सुजतात, चप्पल चढत नाही. घोट्याचं माप महिन्यापूर्वी नऊ इंच, आता साडेदहा. जिन्यात मध्येच थांबावं लागतं. काय काय तपासशील, आणि कोणत्या क्रमाने?

मामाच्या मशीनचा पट्टा बदलला, तोंडाचा मात्र जुनाच आहे आणि तो दिवसभर चालू असतो. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक कमी आणि हाच जास्त बोलतो. माझं बरं चाललंय. वेळेवर जेव. माया करते म्हणूनच रागावते, हे ध्यानात ठेव.

मावशी


दि. १६ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

उत्तर: आधी श्वास बघीन. मग सूज दाबून खड्डा पडतो का ते. रोज सकाळी एकाच वेळी वजन. झोपताना उशा किती लागतात ते विचारीन. हृदयाचं दुखणं वाटतं, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. यानंतर 'घरी सोबत कोण आहे' असं लिहिलं होतं, ते माझं मीच खोडलं, बघ! सुधारतेय की नाही?

आणि बाईसाहेब, घोटा इंचात कोण मोजतं? सेंटीमीटर लिहायचं, नाहीतर तुमचेच मार्क कापले जातील. की मामांनी तुझ्या पेशंटचा पायजमा शिवायला घेतलाय? हे वाचून माझ्या खोलीतली मैत्रीण इतकी हसली की तिला उचकी लागली.

ड्यूटीआधी दोन तास अभ्यास करते. पुढची केस जरा अवघड घाल. तुझी सावली डोक्यावर आहे तोवर मला कशाची भीती!

बारकी


दि. ५ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. क्रम बरोबर. खोडलेल्या ओळीचा अर्धा मार्क कापला, कारण मनात आली म्हणूनच ती कागदावर आली.

केस दुसरी. तीच बाई. चार दिवसांत वजन दोन किलो वाढलं. तीन उशा घेऊनही आडवं होता येत नाही, खुर्चीत बसूनच डोळा लागतो. वेणी घालायला हात वर केला की धाप लागते. क्रम लाव: डॉक्टरांना कळवणे, रुग्णाला नीट टेकवून बसवणे, नातेवाइकांना कळवणे, वजन आणि पाणी किती प्यायली ते लिहिणे. आणि का, तेही लिही. नुसता क्रम पोपटही लावील.

अक्षर वाकडं आलंय, मांडीवर वही घेऊन लिहितेय. मामा शेजारी बसून लुडबुड करतोय, त्याला दटावलंय. बाकी सगळं ठीक. तुझा अभ्यास हीच माझी खुशाली समज.

मावशी


दि. १२ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आधी बसवणे, कारण श्वास पहिला. मग लगेच डॉक्टर, त्याच दिवशी, उद्यावर ढकलायचं नाही. मग वजन-पाणी. नातेवाइकांना सगळ्यात शेवटी, कारण त्यांना कळवून रुग्णाचा श्वास सुधारत नाही.

शेवटचं वाक्य लिहिताना मी जरासुद्धा अडले नाही, मावशी. गेल्या वर्षीची बारकी असती तर बाईला बसवायच्या आधी तिच्या भाचीला तार करून मोकळी झाली असती! या वेळी मला जमेल असं पहिल्यांदाच वाटतंय. मार्क लवकर कळव आणि माझं कौतुक जरा सढळ हाताने कर.

बारकी


दि. ३० मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मावशी सांगते आणि मामा लिहितो. तिच्या चष्म्याची काच फुटली आहे, म्हणून.

दहापैकी दहा. पस्तीस वर्षांत मी कुणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते. आता नवीन केस नाही, उजळणी कर. पेपर होईपर्यंत इकडे यायचं नाही, फोन नाही, पत्रही नाही. हॉलमध्ये पाण्याची बाटली ने. प्रश्न दोनदा वाच.

मावशी डुलकी घेते आहे, तेवढ्यात मी माझं एक वाक्य घालतो. पोरी, पास हो. काहीही करून पास हो.

मावशी आणि मामा


दि. २१ एप्रिल

चि. बारकीस मामाचे आशीर्वाद.

काल तुझा पेपर झाला, म्हणून आज लिहितो. त्याआधी लिहायचं नाही अशी शपथ तिने मला घातली होती. बारकी, मावशी तेरा तारखेला सकाळी गेली. खुर्चीतच. मी चहा करून आणला, तोवर संपलं होतं.

ती अडुसष्ट वर्षांची बाई म्हणजे तीच. तू विचारलं होतंस ना, घोटा इंचात कोण मोजतं म्हणून? मी मोजत होतो गं. रोज सकाळी टेप लावायचो आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत लिहायचो. शेवटचं माप बारा इंच आहे.

डॉक्टरने मार्चमध्येच भरती व्हायला सांगितलं होतं. ती म्हणाली, भरती झाले की पत्रं थांबतील, पत्रं थांबली की पोरगी बॅग भरून येईल आणि शेवटची संधी जाईल. गोळ्या घेऊन घरीच बसली. मी म्हटलं, मला राहवत नाही, मी कळवतो. तेव्हा तिने तुझं पत्र माझ्यापुढे धरलं. तुझ्याच अक्षरात होतं, नातेवाइकांना सगळ्यात शेवटी. म्हणाली, इतक्या वर्षांनी पोरगी शिकली आहे, आता तिला बिघडवू नकोस. तू लावलेल्या क्रमातली ही एवढी एकच गोष्ट तिने मनापासून पाळली.

आठ दिवस तोंड शिवून बसलो होतो. जन्मभर शिवणकाम केलं, पण असा टाका कधी घातला नव्हता. माझं चुकलं, पोरी. आईच्या वेळी झालं तेच तुझ्या बाबतीत पुन्हा झालं, आणि या वेळी ते मी केलं. शिव्या दे, पण पत्र टाक.

मामा


दि. १४ जून

ती. मामांस सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुमच्यावर चिडले होते. मग तिच्यावर चिडले. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि चिडायला फक्त मी उरले. वेणी घालताना धाप लागते, मांडीवर वही, मापं इंचात! सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी विनोद करत होते.

मी पास झाले. पेपरात तोच प्रश्न होता. बाई नव्हती, पुरुष होता, वय एकाहत्तर. मला हसू आलं, मनात म्हटलं, मावशी, जिंकलीस. ती जाऊन आठवडा झाला होता आणि मी हॉलमध्ये बसून हसत होते. उत्तर बरोबर लिहिलं, मामा. आजही तेच बरोबर आहे. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच लिहावं लागेल. हे मी कुणाला सांगू?

काल कपाटाची किल्ली माझ्या हातात आली. दुपारी चार नंबरच्या आजींचे पाय टम्म सुजलेले दिसले. त्यांना बसवलं, डॉक्टरांना बोलावलं, वजन लिहिलं. मग मुलीचा नंबर काढला. आजी नको नको म्हणाल्या, तिचं नवीन काम लागलंय, तिला उगाच घोर नको. मी त्यांच्यासमोरच फोन लावला. नातेवाईक शेवटीच, मामा, पण त्याच तासात. एवढं मावशीने शिकवायचं बाकी ठेवलं आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

शनिवारी येते. ती वही कुणाला देऊ नका, तिचं पान तसंच राहू दे. आणि आता तुमची केस. पुरुष, वय पासष्ट, घरात एकटा. टेप घ्या, स्वतःचा घोटा मोजा आणि इंचातच लिहा. जेवता का, झोप लागते का, तिच्या खुर्चीत कोण बसतं, सगळं लिहा. प्रश्नात नसेल तेही लिहा.

लोभ आहे, म्हणूनच आता लपवालपवी नसावी.

तुमची,
बारकी